कोरा माणूस

'कवडसा' हे यंत्र यशस्वी झालं तर यामिनी रेडकरच्या पदरात काय काय पडणार, हे वेळणेच्या वसाहतीत तिच्यापेक्षा इतरांनाच जास्त पाठ होतं. पहिलं म्हणजे मापन विभागाचं प्रमुखपद. त्याच्याबरोबर कोपऱ्यातली खोली, जिच्या खिडकीतून कातळसडा संपून समुद्र सुरू होतो ती रेघ दिसते. मग दिल्लीच्या बैठका, आणि परत आल्यावर 'दिल्लीत काय वारं आहे' ते चार लोकांना सांगण्याचा मान. संचालक डॉ. हळब्यांच्या दारावर टकटक न करता आत शिरण्याची मुभा. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे बदली टळणार होती. यंत्र मंजूर झालं की वेळणेला नवा कारखाना येणार, कारखाना आला की प्रयोगशाळा राहणार, आणि मग शाल्मलीची शाळा, देवदत्तचं ग्रंथालय, अंगणातलं सोनचाफ्याचं कलम, सगळं जागच्या जागी राहणार. यात घाटा कुठे दिसत नव्हता. दूधवाल्याच्या मापातला फेससुद्धा वजा करून पाहणारी ही बाई, पण तिलाही दिसला नाही.

वेळणेच्या सड्यावर चालणारं काम सांगायला सोपं होतं. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन आम्लात विरघळवायचं, त्यातून प्लुटोनियम वेगळं काढायचं, त्याची भुकटी करायची, आणि हे सगळं रबरी हातमोजे बसवलेल्या बंद काचपेट्यांमध्ये. शिवाय प्रत्येक पायरीवर मोजायचं. कारण हा माल ओंजळभर हरवला तर शहराला घोर, आणि नजरेला न दिसणारा कण श्वासातून गेला तर एका माणसाला. पण मोजमाप म्हटलं की चूक आलीच. आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि हाताशी उरलेलं यांचा मेळ कधीच पुरता बसत नाही. थोडं नळ्यांच्या वळणांवर चिकटतं, थोडं गाळण्यांत अडकतं. वर्षअखेरीला जी तूट येई ती वेळणेत 'मुरलेला माल' म्हणून दाखवायची पद्धत होती. पाइपांत मुरलं, विषय संपला. एखाद्या नवख्याने विचारलं, "मुरलं म्हणजे नक्की कुठे?" की जुने लोक त्याच्याकडे, सासरी पाऊल टाकताच कपाटाची किल्ली मागणाऱ्या सुनेकडे बघावं, तसे बघत.

यामिनीने कवडसा बनवला तो या मुरलेल्या मालासाठी. मोजणीची जुनी यंत्रं दारावर बसवलेल्या आंधळ्या रखवालदारासारखी होती. किती किरण आले ते सांगत, कुठून आले ते नाही. समोरच्या वस्तूतून आलेला किरण, भिंतीतून आलेला आणि आभाळातून आलेला, तिघांची एकच मोजणी. कवडशाच्या तोंडाशी हिऱ्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या होत्या. किरण एका चकतीतून दुसरीत जाताना आपली वाट मागे ठेवून जाई आणि यंत्र त्या वाटेवरून उलटं जाऊन त्याचं घर शोधून काढी. पडद्यावर एकेका कणाचा ठिपका उमटे. पेटी उघडायला नको, पाइप कापायला नको.

माणसंही तिथे मोजलीच जात. त्यासाठी तळमजल्यावर पोलादी खोली होती, अणुस्फोटांचं युग सुरू होण्याआधी ओतलेल्या पोलादाची, म्हणून स्वच्छ. काचपेट्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या खुर्चीत बसवून छातीतून येणारे किरण मोजत. पण रखवालदार आंधळा. भिंतींचा थोडा, आभाळाचा थोडा, माणसाच्या हाडामांसातला निसर्गतःच असलेला थोडा, असा सगळा कचरा त्या आकड्यात येई. मग तो काढायचा कसा? तर ज्याचा या मालाशी कधीच संबंध आला नाही असा माणूस आधी बसवायचा, त्याचा आकडा घ्यायचा आणि सगळ्यांच्या आकड्यातून तो वजा करायचा. अशा माणसाला प्रयोगशाळेत 'कोरा' म्हणत.

वेळणेचा कोरा म्हणजे देवदत्त रेडकर, यामिनीचा नवरा. पेशाने ग्रंथपाल. कामाच्या बाजूची तांबडी रेघ त्याने जन्मात ओलांडली नव्हती. गेली अकरा वर्षं दर सोमवारी तो पुस्तक घेऊन त्या खुर्चीत बसे. वसाहतीत त्याला 'कोरेसाहेब' म्हणून चिडवत आणि तो म्हणे, "चिडवा. पण तुम्ही सगळे जण माझ्यावरून मोजले जाताय, विसरू नका." लग्नही त्या खुर्चीतच जमलं होतं. यामिनी नवी रुजू झाली होती, तिने त्याला बसवलं. त्याने विचारलं, "डोळे मिटू का उघडे ठेवू?" ती म्हणाली, "यंत्राला फरक पडत नाही." तो म्हणाला, "मला पडतो," आणि उघडे ठेवले.

ग्रंथालयही तसंच कोरं मानलेलं. हवेतल्या धुळीची तपासणी होई तेव्हा तुलनेसाठी स्वच्छ हवेचा नमुना ग्रंथालयातून घेत. कामाच्या बाजूला तोंडात पाण्याचा थेंब घालायची बंदी, म्हणून सगळी प्रयोगशाळा चहाला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत येई. शाळा सुटली की शाल्मली तिथेच त्या चहाच्या टेबलाशी अभ्यासाला बसे.

यंत्राला मंजुरी देणारी समिती यायच्या आधी यामिनीने कवडसा घेऊन सगळे पाइप पालथे घातले. वळणं पाहिली, गाळण्या पाहिल्या, पाच पिढ्यांच्या अधिकाऱ्यांनी जिथे जिथे माल मुरवला होता त्या सगळ्या जागा पाहिल्या. पाइप स्वच्छ होते. कागदावर होतं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकंच आत होतं. घर स्वच्छ निघालं म्हणून कुठल्याही बाईला बरं वाटावं. यामिनीने सगळे पाइप पुन्हा पहिल्यापासून तपासले, आणि मग संचालकांची खोली गाठली.

"तुमच्या यंत्राला चष्मा लागला असेल, रेडकरबाई," डॉ. हळबे म्हणाले. सहा महिन्यांत निवृत्त होणारा गोरापान, गोड बोलणारा माणूस. वाईट बातमी ऐकताना ते नेहमी टेबलावरचा कागद सरळ करत.

"माप ठाऊक असलेल्या नमुन्यांवर अचूक चालतंय, सर."

"मग माल गेला कुठे? पाय फुटले?"

"तेच विचारायला आलेय."

"परवा समिती आहे. परवापर्यंत तुम्ही फक्त उत्तरं द्या. प्रश्न नंतर."

तालमीसाठी माणूस हवा होता. सवयीने तिने देवदत्तलाच बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ, पोलादी खोलीत कवडसा तिपाईवर उभा केलेला.

"हलू नकोस हं."

"अकरा वर्षं हललो नाही, आता काय हलतोय! याला कोरा लागत नाही ना पण? माझी नोकरी घालवायला निघालीस."

"लागत नाही. सगळ्यात स्वच्छ माणूस कसा दिसतो तेवढं पाहायचंय. काळा पडदा आला पाहिजे."

पडदा काळा होता. मग एक ठिपका आला. मग तीन. मग कुणी सावकाश रांगोळीचे ठिपके मांडत जावं तसे ते भरत गेले आणि दोन फुप्फुसांचा आकार डोळ्यांपुढे उभा राहिला.

यामिनीने यंत्र बंद करून पुन्हा लावलं. ठिपके पुन्हा आले. तिने खुर्ची हातभर डावीकडे सरकवली. ठिपकेही डावीकडे सरकले.

"शर्ट काढ जरा."

"इथे?"

"काढ रे."

शर्टावर काही नव्हतं. उघड्या छातीसमोर पडदा तसाच राहिला. देवदत्त श्वास घेई तसे ठिपके किंचित वर जात, सोडी तसे खाली येत.

"काय दिसतंय एवढं?" त्याने विचारलं. "तोंड का असं झालंय?"

"काही नाही. यंत्र गरम झालंय."

लग्नानंतर ती त्याच्याशी मोजमापाबद्दल पहिल्यांदाच खोटं बोलली.

कवडसा छातीशी धरून ती थेट ग्रंथालयात गेली. पाइप सोडून कुठे पाहायला हवं होतं, हे तिला आता कळत होतं. जिथे नाही असं सगळ्यांनी धरलेलं असतं, तिथे कुणी मोजत नाही. कामाच्या बाजूची हवा बाहेर टाकणारा जुना लोखंडी बोगदा ग्रंथालयाच्या छतावरून जात होता. तिने यंत्राचं तोंड वर केलं. चहाच्या टेबलाच्या बरोबर वर, बोगद्याच्या सांध्याशी, पडदा पांढरा झाला. सांधा कधीतरी सुटला होता. मुरलेला माल सापडला. सगळा नव्हे. उरलेला, छताच्या फटींतून, पिठाच्या गिरणीत उडतं त्याहून बारीक होऊन, वर्षानुवर्षं खाली येत होता.

"आई, कॅमेरा आणलास?" टेबलापलीकडून शाल्मली म्हणाली. नऊ वर्षांची, पाय हलवत बसलेली, पुढ्यात पाढ्यांची वही. "माझा फोटो काढ ना!"

यंत्र हातात होतं. मुलगी समोर होती. तोंड वळवायला मनगट फिरवणं पुरे होतं. यामिनीने यंत्र बंद केलं.

"बाहेर चल."

"एवढा एक पाढा..."

"शाल्मली, बाहेर. आत्ताच्या आत्ता. वही राहू दे तिथेच."

हळब्यांनी सगळं ऐकलं. ऐकता ऐकता त्यांचा उजवा हात आपोआप स्वतःच्या छातीकडे गेला, आणि यामिनीचं लक्ष आहे हे कळताच परत टेबलावर आला. दिवसातून चार वेळा चहा घेणारे गृहस्थ ते.

"ग्रंथालयाला आजपासून कुलूप. रंगकाम म्हणून सांगा," ते म्हणाले. "सांधा पुढच्या आठवड्यात बंद करू. आणि उद्या समितीपुढे... तुमच्या यंत्रात कोरा वजा करायची सोय आहे ना?"

"जुन्या नोंदींशी ताडून पाहण्यासाठी ठेवलीय. खरं तर गरज नाही."

"ताडूनच पाहू या. देवदत्तला बसवा, बटण दाबा, पडदा काळा. त्याच्यानंतर बसेल तो प्रत्येक जण काळा."

"सर, ते खोटं आहे."

"खोटं कसं? वजाबाकी आहे. गेली अकरा वर्षं तुम्ही तीच करताय, आणि सही तुमचीच आहे." त्यांनी कागद सरळ केला. "हे बाहेर आलं तर काय होईल? नवा कारखाना जाईल, वसाहत उठेल. तुमचं प्रमुखपद सोडाच. बरं, लोकांना कळून तरी काय? छातीत बसलेलं काढायला औषध आहे का?"

"जुनं असेल तर नाही."

"झालं तर. ज्याला औषध नाही ते सांगून फक्त झोप उडते. तुमची उडालीच आहे. सगळ्यांची कशाला उडवता?"

बाई उठून गेली. जाताना नाही म्हणाली नाही, एवढं हळब्यांनी मनाशी नोंदवून ठेवलं.

संध्याकाळी तिने देवदत्तला सांगितलं. वालाचं बिरडं ताटात निवत राहिलं. आतल्या खोलीत शाल्मली राहिलेला पाढा मोठ्याने म्हणत होती.

तो आधी हसला. "म्हणजे अकरा वर्षांनी नापास?" मग हसू ओसरलं. "म्हणजे इतर सगळे..."

"तुझ्याइतकं ज्याच्यात होतं त्याला आम्ही शून्य दिलं. नवीन रुजू होणाऱ्यांचा आकडा कायम शून्याच्या खाली यायचा, आठवतं? आम्ही म्हणायचो, घाबरलेत, श्वास नीट घेत नाहीत. वर्षभर इथे राहिले की बरोबर शून्यावर यायचे."

"आणि आपण म्हणायचो, रुळले."

 देवदत्तने श्वास घेतला, मध्येच थांबला, आणि आपण थांबलो हे लक्षात येऊन पुन्हा घेतला. श्वासाकडे एकदा लक्ष गेलं की तो आपोआप होत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. पुढे ते रोज कळत राहिलं.

"तू स्वतःकडे यंत्र धरलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"उद्या मी बसू?"

"हळबे म्हणतात बस."

"बसतो. मला काय, बसायची सवयच आहे. घर राहील, नोकऱ्या राहतील. माझ्यावर औषध नाही म्हणतेस तर माझ्यासाठी पडदा काळा काय आणि पांढरा काय." त्याने आवाज खाली आणला. "पण तू बटण दाबल्यावर शाल्मली खुर्चीत बसली, तर काय दिसेल?"

"काही नाही."

"आणि तिच्यावर औषध आहे?"

"तिच्यात असलंच तर ते अलीकडचं. लवकर सुरू केलं तर बरंचसं निघतं. उशीर केला तर नाही."

"हं," देवदत्त म्हणाला आणि ताट पुढे ओढलं. आतून पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघं जण होते, अध्यक्ष नागपूरच्या डॉ. इंदुमती खानझोडे. सत्तरीला टेकलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोकळंढाकळं. हळब्यांनी त्यांना सडा दाखवला, समुद्र दाखवला, दुपारच्या कोळंबीचा आधीच दोनदा उल्लेख केला. मग सगळे पोलादी खोलीत आले.

देवदत्त बसला. ठिपके दिसायच्या आत यामिनीने बटण दाबलं.  पडदा काळा झाला. मग काचपेटीवरचे दोन कामगार बसवले. एखाददुसरा ठिपका चमकून गेला इतकंच, बाकी काळोख. "एकदम स्वच्छ," हळबे म्हणाले. समितीतल्या एकाने टाळी वाजवली. दोन्ही कामगार एकमेकांकडे पाहून हसले आणि त्यांतला एक यामिनीला म्हणाला, "मॅडम, बायकोला सांगतो हां, आता हिऱ्याच्या यंत्राने पास केलंय." ते हसणं तिला सोसवेना. तिने मान खाली घातली.

"अहो, मी बसून पाहू का?" खानझोडेबाई म्हणाल्या. "नातवाला फोटो दाखवीन, म्हणीन बघ, आजीच्या पोटात काही पाप नाही."

हळबे चटकन पुढे झाले. "मॅडम, आधी जेवून घेऊ. कोळंबी गार झाली की मजा जाते. आणि यंत्रही आता तापलं असेल, नाही का रेडकरबाई?"

तिच्या हातात आयतं वाक्य ठेवलं होतं. आदल्या दिवशी तिने तेच नवऱ्याला ऐकवलं होतं, आणि ते खपलं होतं. होय म्हटलं की जेवण, जेवणानंतर सह्या, सह्यांनंतर कोपऱ्यातली खोली. भिंतीशी देवदत्त उभा होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. रोज शाळेतून आलेली मुलगी जिथे बसायची, त्या ग्रंथालयाच्या दिशेने तो नुसता पाहत होता.

"तापलेलं नाही," यामिनी म्हणाली. "बसा ना."

खानझोडेबाई बसल्या. कॅमेऱ्यापुढे बसावं तसा त्यांनी पदर सारखा केला. पडद्यावर ठिपके आले नाहीत. उलट काळ्या पडद्यात आणखी काळं असं काहीतरी उघडत गेलं, आणि दोन फुप्फुसांच्या आकाराचे दोन खड्डे तयार झाले. खाली आकडा आला. त्याच्या आधी वजाचं चिन्ह होतं.

"हे काय हो?" बाई हसून म्हणाल्या. "मी शून्याच्याही खाली?"

कुणीच हसलं नाही. मग त्यांचंही हसू गेलं. चाळीस वर्षं मोजमापात घालवलेली बाई ती, तिला समजायला वेळ लागला नाही. त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझ्यात काही नाही, म्हणून आकडा शून्याच्या खाली गेला. हे जे वजा केलंत, ते होतं कुणात?"

त्यांनी मान वळवली तेव्हा देवदत्त कुणी न सांगताच खुर्चीकडे निघालेला होता. शर्टाची वरची गुंडी त्याने काढली होती. यामिनीने वजाबाकीचं बटण बंद केलं. पोलादी खोलीत रांगोळीचे ठिपके एकेक करून मांडले जाऊ लागले. आधीचे दोन कामगार दाराशी थबकले. त्यांतल्या एकाने विचारलं, "मॅडम, आम्ही परत बसायचं का?"

पुढचे कित्येक दिवस ती रांग चालू होती. आत जाताना लोक बोलत असत, बाहेर येताना नसत.

आता कुणी काय मोजलं ते सांगायला हवं. खानझोडेबाईंचं काही गेलं नाही, त्या कोळंबी न खाता संध्याकाळच्या गाडीने परतल्या. डॉ. हळब्यांची निवृत्ती सहा महिने आधी झाली. खुर्चीत ते सगळ्यांच्या शेवटी बसले, आणि त्यांचा पडदा देवदत्तच्या पडद्याच्या तोडीचा निघाला. कामगारांना खरे आकडे मिळाले, आणि वसाहत उठल्यावर ते घेऊन ते गावोगाव पांगले. जे आधीच निवृत्त होऊन वारले त्यांची स्वच्छतेची प्रमाणपत्रं घरोघरी भिंतींवर आहेत. त्यांच्या छातीत काय होतं ते कवडशालाही कधी कळणार नाही. यामिनीचं प्रमुखपद गेलं, कोपऱ्यातली खोली गेली, वेळणे गेलं. चौकशीत तिने बटण जाणूनबुजून दाबल्याचं स्वतःच लिहून दिलं. 'बसा ना' हेही आपणच म्हटलं, हे लिहिलं नाही. एकाच्या बदल्यात दुसरं वजा करायची सवय तिने सोडली होती. देवदत्तचे ठिपके आहेत तिथेच आहेत. तो पूर्वीसारखाच पुस्तक घेऊन बसतो, फक्त पान फार वेळ उलटत नाही.

शाल्मलीचं औषध चालू आहे. दर तीन महिन्यांनी ती पडद्यासमोर बसते. तिचे ठिपके बोटांवर मोजता येतील इतके उरलेत, असं डॉक्टर सांगतात. त्यांना मोजावं लागतं, कारण जन्मभर मोजण्याचंच काम केलेली तिची आई त्या वेळी भिंतीकडे तोंड करून बाहेर उभी असते.